भोपळ्याचा पहिला घाव

१६ ऑक्टोबर २००८, गुरुवार

मैत्री, बसलीस? मग लिही. पहिल्यांदा हे लिही, की ही वही आजोबांची आहे आणि मी तिच्यात न विचारता घुसले आहे.

अहो, तुम्ही रोज जेवणानंतर या वहीत चार ओळी लिहायचात. नळाला पाणी नव्हतं, दूध नासलं, हिने आमटीत पुन्हा मीठ जास्त घातलं. हो, तेही मैत्रीने वाचून दाखवलं. उठलात की बघते तुमच्याकडे. तुमची शेवटची ओळ आहे, 'आज हवा बरी.' पुढची पानं कोरी. उठून बसलात की पहिला प्रश्न हाच विचाराल, की मधले दिवस कुठे गेले, म्हणून ते धरून ठेवते आहे. मला अक्षर येत नाही हे अख्ख्या येरवड्याला ठाऊक आहे. तेव्हा बोलणार मी, लिहिणार तुमची नात. तिची ऑफिसची गाडी दुपारी येते, तोवर ती माझी. तिला बजावलं आहे, मी तोंडाने जे बोलेन ते सगळं लिहायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही.

तर झालं असं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आलात आणि दारातच खाली बसलात. मी म्हटलं, "आता इथंच संसार थाटणार का?" तुम्ही हसलात, पण अर्ध्याच तोंडाने. तेव्हा मला कळायला हवं होतं. मी टॉवेल आणायला गेले.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. धम्मचक्र दिनाला तुम्ही पांढरे कपडे न घालता हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात होतात. जन्मात पहिल्यांदा तुम्हाला रंगीत बघितलं. आज घरी आणलं.

एक शब्द तेवढा मागे राहिला आहे. 'बरं.' दुखतंय का? बरं. पाणी देऊ? बरं. पोटच्या पोराने, संजयने विचारलं, "दादा, मला ओळखलंत ना?" बरं. तो बिचारा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला काही वेगळं वाटलं नाही. इतकी वर्षं मी ताट वाढून विचारत आले, कसं झालंय, आणि तुम्ही त्यापुढे कधी गेला नाहीत.

डॉक्टरांनी तुमच्या हातात वर्तमानपत्र दिलं. तुम्ही ते उलटं धरून बघत बसलात. सरकारी छापखान्यात जन्मभर शिशाचे खिळे जुळवलेला माणूस! मला अक्षर शिकवायला किती मागे लागला होतात. मी म्हणायचे, घरात एकाला येतंय तेवढं बास. आता दोघं सारखे झालो.

१८ ऑक्टोबर

घरी सोडताना हॉस्पिटलने कागद दिला आहे, तुम्हाला काय खायला द्यायचं त्याचा. संजयने वाचून दाखवला. मऊ आणि दाट द्या, पातळ देऊ नका, पाणीसुद्धा दाट करून द्या. मी म्हटलं, पाणी दाट कसं करतात ते त्या कागदाला विचार. आजाऱ्याला कुणी दाट देतं का? तापकऱ्याला पातळ, बाळंतिणीला पातळ, पोट बिघडलेल्याला पातळ. संजय म्हणाला, "आई, छापील आहे ते." छापण्यात चूक झाली असेल. तुम्ही छापखान्यात असतात तर पकडली असतीत.

कल्याणी म्हणाली, "आई, लाल भोपळ्याचं सूप करू. आमच्या शाळेतल्या बाई करतात. थंडीचं अंगात ऊब राहते आणि दाटही होतं." सून शिकवते इतिहास, पण पोटातलं तिला कळतं. मी लगेच बस धरून मंडईत गेले. येरवड्यातही मिळतो भोपळा. पण मिळणं वेगळं आणि मंडईतून आणणं वेगळं.

दुर्गाबाईच्या गाळ्यावर ढीग होता. म्हणाली, "मावशी, किती फोड देऊ?"

"फोड नको. अख्खा दे."

"अख्खा? घरात लग्न आहे का?"

"कापलेला टिकत नाही. मला थंडीभर सूप करायचंय."

"मग निम्मा न्या. आमचे हे आत आहेत, त्यांना हाक मारते, घालतील घाव."

मी म्हटलं, "आमच्या घरी कापणारा माणूस आहे."

तिने तुमच्याबद्दल विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भोपळा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, आजी, याचं अर्धं तिकीट घ्या.

आता तो स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसला आहे आणि मी त्याच्याकडे बघते आहे. तुम्हाला ठाऊक आहे मी का बघते. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या थंडीतच सांगून ठेवलं होतं, बाईने अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालू नये, घरच्या पुरुषाला बाधतं. तुम्ही बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारा माणूस, किती चिडायचात. "हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" मी म्हणायचे, मला कुठे वाचता येतं. मग दरवर्षी सुरी घेऊन पाटावर बसायचात आणि म्हणायचात, "हा घाव भोपळ्यावर नाही, तुझ्या अंधश्रद्धेवर." खाट्‌कन घालायचात. माझी अंधश्रद्धा शाबूत राहायची आणि भोपळा कापला जायचा.

संजय म्हणाला, "मी कापतो की." मी नको म्हटलं. कर्ता माणूस पलंगावर जिवंत असताना मुलाने सुरी धरायची म्हणजे तुमची जागा रिकामी झाली असं मीच जाहीर करायचं. हा तुमचा भोपळा आहे. तुम्ही बरे व्हा आणि कापा.

२० ऑक्टोबर

भोपळ्याशिवाय सूप केलं. दुधी, दोन टोमॅटो, एक गाजर, आलं. सगळं कुकरमध्ये उकडलं, गाळण्यातून दोनदा गाळलं. असं निवळ, की वाटीचा तळ दिसत होता. वरून मिरपूड, चार लवंगा ठेचून. पहाटेचा गारवा पडायला लागला आहे, छातीत ऊब हवी.

दोन उशा लावून बसवलं, गळ्यात टॉवेल बांधला. मंत्र्यासारखे दिसत होतात. दोन चमचे गेले. तिसऱ्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मिरी जास्त झाली माझी. विचारलं, कसं झालंय? खोकत खोकत म्हणालात, बरं.

वाटी संपवली मात्र. मी भिंतीला टेकून बसले.

२३ ऑक्टोबर

मिरी निम्मी केली तरी ठसका. लवंग काढली तरी ठसका. आज नुसतं मीठ आणि जिरं. तरी ठसका! मला तर वाटायला लागलंय, तुम्ही मुद्दाम करताय. आयुष्यभर माझ्या स्वयंपाकाला तोंडावर नावं ठेवता आली नाहीत, आता खोकून ठेवताय.

कल्याणी म्हणाली, "आई, तो कागद पुन्हा एकदा बघू या का?" मी म्हटलं, बघ. कागद सापडला नाही. माझ्या पातळांच्या घड्यांखाली होता, पण ते मला उद्या आठवणार आहे. मैत्री, हे लिहू नकोस. लिहिलंस? तुझ्या आजोबांवर गेलीस.

२८ ऑक्टोबर

शेजारीपाजारी दिवाळी. आपल्याकडे नाही, पण आवाज काय विचारून येतात का? प्रत्येक फटाक्याला तुमचा डावा हात उडत होता. मी धरून बसले.

तुमचं 'बरं' ओलं झालं आहे. घशात पाणी राहिल्यासारखं. सूप अजून पातळ केलं, म्हटलं सर्रकन जाईल.

२ नोव्हेंबर

रात्रीपासून ताप. श्वास घेताना छातीत आधणासारखं वाजतंय. संजयने रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. खालच्या यमुनाबाई जिन्यात उभ्या होत्या, म्हणाल्या, "पुन्हा?" मी म्हटलं, "पहिल्यांदा आवडलं त्यांना तिकडे."

वर येऊन दार लावलं. गाळणं पालथं घातलं होतं ते उचलून ठेवलं.

४ नोव्हेंबर

छातीत पाणी आणि अन्न जाऊन न्युमोनिया झाला म्हणतात.

तिथे एक मुलगी आहे, माणसांना गिळायला शिकवते. मी म्हटलं, ही पण नोकरी असते का? मैत्रीएवढीच असेल. तिने माझा हात धरून खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "आजी, घशात दोन वाटा आहेत, एक अन्नाची, एक श्वासाची. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं. आजोबांचं झाकण आता सावकाश पडतं. पातळ धावत जातं, ते झाकणाच्या आधी पोचतं. दाट हळू सरकतं, तेवढ्यात झाकण पडतं. म्हणून दाट द्यायला सांगितलं होतं."

"म्हणजे मी रोज वाटीभर सूप त्यांच्या छातीत ओतत होते."

"असं नका म्हणू आजी."

"मग कसं म्हणू? तू सांग, मी पाठ करते."

तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. चांगली मुलगी आहे.

दोनदा गाळत होते अहो. दोनदा. आणि घरात भोपळा बसून होता, ज्याचं दाट झालं असतं.

९ नोव्हेंबर

घरी आणलं. ताप गेला, अंग निम्मं राहिलं. डॉक्टर संजयला म्हणाले, पुन्हा असं झालं तर तोंडाने देणं बंद, नाकातून नळी घालावी लागेल. तोंडाने जमतंय का बघा. म्हणजे आता सगळं एका वाटीवर आलं.

आज रविवार, घरात सगळे होते. मी म्हटलं, भोपळा काढा.

संजय म्हणाला, "आई, मी कापू?" म्हटलं, कापायचा कुणी ते ठरलेलं आहे, तू नुसता धर. तुम्हाला खुर्चीत बसवलं, चादरीने पाठ बांधली. खुर्चीच्या दोन हातांवर पाट आडवा ठेवला, पाटावर भोपळा. कल्याणी म्हणत होती, "आई, सुरी लागेल त्यांना." मैत्रीने मोबाइल काढला, फोटो घ्यायला, मग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, ठेवून दिला.

तुमच्या डाव्या हातात सुरी दिली. त्यावर माझा हात. तुम्ही भोपळ्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, अंधश्रद्धेवर. म्हटलं, "बोला की." तुम्ही बोटं आवळलीत. खरंच आवळलीत, माझ्या हाताखाली मला कळलं. पातं सालीत रुतलं आणि अडकलं. संजयने सुरीच्या पाठीवर वरवंटा मारला तेव्हा भोपळा उघडला. आत काय रंग होता! बियांचा तो थंड वास खोलीभर झाला.

तुम्ही म्हणालात, "बरं."

मी म्हटलं, बरं काय बरं? निम्मं काम मी केलंय.

मग सूप असं केलं. मैत्री, हे नीट लिही, तुलाही करायला लागेल कधी. भोपळ्याच्या फोडी, एक गाजर, मूठभर मसुराची डाळ, आल्याचा तुकडा, लसणीच्या पाच पाकळ्या. कुकरच्या तीन शिट्ट्या. गाळायचं नाही. मिक्सरला लावायचं नाही, मिक्सर फेस आणतो. रवीने घोटायचं, हात भरून येईपर्यंत. मग तुपात जिरं आणि ठेचलेली मिरी तडतडवून वरून द्यायची आणि पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. चमचा आडवा केला तर सूप पडता कामा नये, उभा केला तर सावकाश घसरलं पाहिजे. मनगटावर ठेवून बघायचं, चटका नको, ऊब हवी.

एक चमचा. हनुवटी खाली. गिळलंत. मी श्वास धरला. ठसका नाही.

दुसरा. नाही.

कल्याणी रडत होती. मी म्हटलं, सूप थंड होतंय, तू नंतर रड.

१० नोव्हेंबर

पाऊण वाटी.

११ नोव्हेंबर

पूर्ण वाटी. मी यमुनाबाईंना खाली जाऊन मुद्दाम सांगून आले.

१५ नोव्हेंबर

मैत्रीची गाडी आता येत नाही. सुट्टी टाकली आहे म्हणाली. इतकी सुट्टी देणारं ऑफिस कुठे असतं? ऑफिसची गळ्यातली ती पट्टी खुंटीला असायची, तीही दिसत नाही. टीव्हीवर मंदी मंदी चालू असतं. मी विचारत नाही. लिही, लिही, पेन थांबवू नकोस.

तुम्ही आज अर्ध्या वाटीवर थांबलात. सूप तोंडात घेता आणि विसरता. गालात तसंच राहतं. मी गालावर टिचकी मारते, "अहो, गिळा. बस सुटेल." तेव्हा गिळता. कधी गिळत नाही. मग बोटाने काढायचं. मी मुलांच्या गालातून माती काढली होती तशी.

१८ नोव्हेंबर

चार चमचे. पाचव्याला ओठ मिटले. चमचा ओठाला लावला, मिटलेलेच. मी खूप बोलले. सगळे जुने विनोद काढले. छापखान्यातल्या रावसाहेबांची नक्कल केली, जिच्यावर तुम्ही हमखास हसता. तुम्ही माझ्याकडे बघत होता, जसं माणूस बसच्या खिडकीतून बघतो.

भोपळा फ्रीजमध्ये थोडा उरला आहे. कडेने मऊ पडला आहे.

२१ नोव्हेंबर

संजय आणि कल्याणी स्वयंपाकघरात हळू बोलत होती. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. येतं.

"वजन बघितलंस का? हात बघ त्यांचा."

"पण आईंना अजून वाटतंय, की…"

"आईला वाटतंय म्हणून दादांना उपाशी ठेवायचं?"

मी आत गेले. म्हटलं, "उपाशी आणि नळी, या दोन्हीच्या मध्ये काहीच नाही का रे?"

संजय म्हणाला, "नाही, आई."

त्याने नजर वळवली नाही. एवढा मोठा कधी झाला हा? मी म्हटलं, मग कर फोन. फक्त आज एकदा मला चमचा धरू दे. धरला. ओठ मिटलेले. ठसका नाही, काही नाही. सूप वाटीत तसंच गार झालं आणि वर साय धरली.

१ डिसेंबर

नळी घालून घरी आणलं. उजव्या नाकपुडीत नळी, गालावर पांढरी चिकटपट्टी. बाहेरच्या टोकाला मोठी सिरिंज लावायची, उंच धरायची आणि ओतायचं. पोटात आपोआप जातं. मैत्री करते, तिचा हात स्थिर आहे.

आणि काय सांगितलं त्यांनी? नळीतून पातळच द्यायचं. दाट दिलं तर नळी तुंबते. दोनदा गाळून द्या म्हणाले. मी हसले तेव्हा सिस्टरला वाटलं मला कळलं नाही, तिने पुन्हा हळू सांगितलं. मी म्हटलं, बाई, दोनदा गाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गाळणं परत खाली काढलं आहे.

नळी घातल्यापासून ह्यांचं 'बरं' नाही.

३ डिसेंबर

मैत्रीशी भांडण. मी इथूनच भोपळ्याची फोड आणून तिचं पाणी गाळलं आणि त्यावर जिऱ्या-मिरीची फोडणी घातली. म्हणते, "आजी, नळीला फोडणी कशाला? जिभेला लागतच नाही काही."

"नाकाला तर लागतं."

"नाकात नळी आहे."

"एका नाकपुडीत आहे. दुसरी मोकळी आहे."

यावर तिने सिरिंज उचलली. संगणकावर काम करणाऱ्या मुलीला मी गप्प केलं, हे मोठं लिही. आता असं करतो, ती वरून ओतते आणि मी वाटी ह्यांच्या डाव्या नाकपुडीखाली धरते. वाफ जाऊ देते. डोळे मिटतात कधी कधी. वासाने की थकव्याने, ते ज्याचं त्याला.

६ डिसेंबर

दरवर्षी आज हे पहाटे अंघोळ करून पुणे स्टेशनच्या पुतळ्याला जायचे. संजय एकटा गेला. येताना एक पांढरं फूल ह्यांच्या उशाशी ठेवलं. डावा हात फुलाकडे गेला नाही. मी वाट बघितली थोडी.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल संजय मंडईतून नवा भोपळा घेऊन आला. अख्खा. म्हटलं, अरे, फोड आणायची. म्हणाला, "दुर्गाबाई म्हणाल्या, तुझ्या आईला अख्खाच लागतो. कापणारा माणूस बरा आहे ना, विचारत होत्या."

"काय सांगितलंस?"

"बरा आहे म्हटलं."

सकाळी तो बूट घालताना म्हणाला, "आई, जायच्या आधी मी कापून ठेवू?" मी म्हटलं, जा तू, उशीर होईल. कल्याणी शाळेला गेली. मैत्री, तू अंघोळीला गेलीस.

मी पाट, भोपळा, सुरी पलंगावर नेलं. ह्यांची बोटं एकेक करून मुठीवर बसवली. त्यावर माझा हात ठेवला, मग काढून बघितला. सुरी गोधडीवर पडली. पुन्हा बसवली. पुन्हा पडली. हात ना गार ना गरम. ह्यांची नजर पंख्यावर होती, आणि पंखा तर बंद आहे थंडीचा.

मी म्हटलं, "अहो, अंधश्रद्धेवर. एकच."

मग सगळं उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि दार लोटलं. भोपळ्यासमोर बसले. सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, तोंडात तपकीर धरून बोलायच्या तशा. म्हटलं, आत्याबाई, तुम्ही बोलून गेलात, मला थंडी काढायची आहे. आणि घातला. केवढा आवाज झाला! सुरी तशीच सोडून मी पळत बाहेर गेले, या वयात, पळत. ह्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले. वर झाली. खाली गेली. परत वर यायला उशीर लागला, फार उशीर लागला, मग आली.

तेव्हा आत जाऊन बाकीचा कापला.

सूप केलं. मिरी घातली, लसूण घातली, दोनदा गाळलं, फोडणी दिली. तू सिरिंज उंच धरलीस, मी वाटी धरली. वाफ गेली. विचारलं, कसं झालंय? नेहमीसारखी थांबले. सिरिंज रिकामी झाली, तू नळीचं टोपण लावलंस, तरी मी वाटी धरूनच होते. वाटी गार झाल्यावर मीच म्हटलं, बरं झालंय.

आता ऐक. हे सगळं तुला सांगितलं, ते वहीत घालायचं नाही. वहीत एक ओळ पुरे. अशी लिही: आज भोपळा ह्यांनी कापला. पहिला घाव ह्यांचा, बाकी मी.

पेन का थांबलं? वही त्यांची आहे, मैत्री. लिही.